जुनी फोर्ड घेताना : बिल्ला नाही, इंजिन आणि साल बघा

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात जुन्या गाडीचा विषय निघाला आणि त्यात फोर्डचं नाव आलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘गाडी दणकट आहे.’ दुसरं, ‘कंपनी गेली, आता स्पेअर कुठून आणणार?’ दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत. फोर्डच्या नावाखाली आपल्याकडे इतकी वेगवेगळी इंजिनं आणि गिअरबॉक्स विकले गेले की नुसत्या नावावरून गाडी घेणं किंवा नाकारणं, दोन्ही चूकच. काही फोर्ड आजही बिनधास्त घ्याव्यात अशा आहेत, काहींकडे कितीही स्वस्त मिळाल्या तरी वळून बघू नये. त्या ओळखायच्या कशा, घेण्याआधी काय तपासायचं आणि घेतल्यावर काय सांभाळायचं, ते इथे दिलं आहे.

नाव कुठून आलं, बदनामी कुठून आली

हेन्री फोर्ड यांनी १९०३ मध्ये डेट्रॉईटला कंपनी काढली. १९०८ च्या मॉडेल टी गाडीने कंपनीचं नाव जगभर नेलं. ही गाडी शेतकऱ्यासाठी होती. खाचखळग्यांच्या रस्त्यावर चालणारी, साध्या हत्यारांनी दुरुस्त होणारी, आणि एका गाडीचा भाग दुसरीला तंतोतंत बसणारी. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली आणि जी गाडी जुळवायला बारा तासांहून जास्त लागत, ती सुमारे दीड तासात तयार होऊ लागली. पुढच्या वर्षी कामगारांना दिवसाला पाच डॉलर मजुरी मिळू लागली. १९२७ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत दीड कोटीहून जास्त मॉडेल टी बनल्या होत्या. ‘फोर्ड म्हणजे दणकट आणि कुठेही दुरुस्त होणारी’ ही ख्याती त्या काळातली.

भारतात फोर्ड दोनदा आली आणि दोनदा गेली. पहिल्यांदा १९२६ मध्ये आली, १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. दुसऱ्यांदा १९९५ मध्ये महिंद्राबरोबर भागीदारीत आली, चेन्नईजवळ मराईमलाई नगरला कारखाना घातला आणि १९९६ मध्ये एस्कॉर्ट काढली. १९९८ मध्ये बहुसंख्य हिस्सा फोर्डने आपल्याकडे घेतला, १९९९ मध्ये आयकॉन आली. ‘स्पेअर महाग’ ही ओरड एस्कॉर्ट-आयकॉनच्या काळातली. लहानसा भाग बिघडला तरी अख्खी जोडणी बदलावी लागायची. २०१० मध्ये फिगो आणताना कंपनीने हे ओळखलं आणि जोडणीतले सुटे भाग वेगवेगळे विकायला सुरुवात केली. म्हणून आयकॉनचा अनुभव फिगोला लावू नका. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली, २०१५ मध्ये गुजरातेत साणंदचा कारखाना सुरू झाला आणि ९ सप्टेंबर २०२१ रोजी कंपनीने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला. जाताना सर्व्हिस, सुटे भाग आणि वॉरंटी चालू ठेवण्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. म्हणजे भाग मिळतात. फक्त सगळे तुमच्या गावच्या दुकानात फळीवर नसतात, कधी पुण्याहून किंवा कोल्हापूरहून मागवावे लागतात.

‘दणकट’ या शब्दाबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली फिगो आपटून पाहिली. सांगाडा टिकला, पण मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी गाडीला शून्य स्टार मिळाले, कारण आत बसलेल्याला वाचवायला एअरबॅगच नव्हती. पत्रा भक्कम असला म्हणजे माणूस सुरक्षित राहतोच असं नाही. जुनी फिगो घ्यायची तर दोन एअरबॅगचं टायटॅनियम मॉडेलच शोधा. २०१५ ची अस्पायर, म्हणजे फिगोचीच डिकीवाली सेडान, घेतलीत तर दोन एअरबॅग सगळ्याच मॉडेलमध्ये आहेत.

कोणती घ्यायची, कोणती टाळायची

डिझेल हवं असेल तर जुन्या फिगोचं १.४ लिटरचं टीडीसीआय (फोर्डच्या टर्बो डिझेल इंजिनाचं नाव) आणि इकोस्पोर्ट, अस्पायर, नव्या फिगोचं १.५ टीडीसीआय ही दोन इंजिनं. आपल्या भागातल्या बहुतेक जुन्या गॅरेजवाल्यांचा त्यांवर हात बसलेला असतो, आणि एव्हरेजसाठी दोन्ही चांगली. सातारा-पुणे किंवा सांगली-कोल्हापूर असं रोजचं रनिंग असेल तर ही निवड योग्य.

पेट्रोलमध्ये इकोस्पोर्टचं २०१३ ते २०१७ चं १.५ चार सिलिंडरचं इंजिन साधं आणि निर्धास्त. नोव्हेंबर २०१७ नंतर आलेलं तीन सिलिंडरचं ड्रॅगन इंजिन पिकअपला सरस आहे, पण त्याचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजत फिरतो. इकोस्पोर्टच्याच १ लिटर इकोबूस्ट या टर्बो पेट्रोल इंजिनाचंही तसंच. या बेल्टला चुकीचं ऑइल सोसत नाही. रबर फुगतं, त्याचे कण सुटतात, ते ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइलचं प्रेशर पडतं आणि मग इंजिनच जातं. बेल्ट बाहेरून दिसत नाही, त्यामुळे या दोन इंजिनांच्या बाबतीत सर्व्हिसची बिलं हाच एकमेव पुरावा. बिलांवर ऑइलचा ग्रेड लिहिलेला नसेल तर गाडी सोडा. इकोबूस्ट बेल्टची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात. २०१३-१४ च्या गाड्यांची ती उलटून गेलेली आहे, तेव्हा बेल्ट बदलल्याचा कागद नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

२०१२ ते २०१७ दरम्यानची लहान ऑटोमॅटिक फोर्ड मात्र टाळा. फिएस्टा, इकोस्पोर्ट १.५ पेट्रोल ऑटोमॅटिक, फिगो आणि अस्पायरची १.५ ऑटोमॅटिक, या सगळ्यांत पॉवरशिफ्ट नावाचा दोन कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे. त्याच्या इनपुट शाफ्टचं सील गळून क्लचवर तेल येतं, गाडी पहिल्या गिअरला थरथरते, गिअरबॉक्स चालवणारं कंट्रोल मॉड्यूलही जातं. या गिअरबॉक्सवरून अमेरिकेत मोठा खटला झाला आणि ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये न्यायालयाने फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. यवतेश्वर किंवा पसरणी घाटात हळूहळू सरकणाऱ्या रांगेत हा गिअरबॉक्स सर्वात जास्त तापतो. ऑटोमॅटिकच हवी असेल तर नोव्हेंबर २०१७ नंतरची इकोस्पोर्ट बघा. तिच्यात पॉवरशिफ्ट नाही, टॉर्क कन्व्हर्टरचा पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे.

गाडी बघायला जाताना

सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, तासभर थांबा. थंड इंजिन सुरू होताना जे कळतं ते गरम इंजिन लपवतं.

डिझेल असेल तर इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढा. ते नुसतं वर ओढलं की निघतं. इंजेक्टर जिथे हेडमध्ये बसतात तिथे टॉर्च मारून बघा. बुडाशी डांबरासारखा काळा, घट्ट थर साचलेला असेल, इंजिन चालू असताना ‘चफ चफ’ आवाज येत असेल आणि धुराचा वास येत असेल तर इंजेक्टरखालचं तांब्याचं वायसर गळतंय. हा या टीडीसीआय इंजिनांचा ठरलेला रोग. वेळेत पकडला तर दुरुस्ती सोपी: इंजेक्टर काढायचा, बैठक कटरने साफ करायची, नवं वायसर आणि क्लॅम्पचा नवा बोल्ट टाकायचा. दुर्लक्ष केलं तर काजळी ऑइलमध्ये उतरते, ऑइलची जाळी चोंदते आणि टर्बोला ऑइल कमी पडून तो जातो. जुनं वायसर तापवून पुन्हा बसवणारा फिटर असेल तर त्याच्याकडे गाडी देऊ नका.

मग टायमिंग बेल्ट. १.४ आणि १.५ डिझेलचा बेल्ट कोरडा आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि रॉकर तुटतात. दहा वर्षं झालेल्या गाडीचा बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरून चाला. नुसता बेल्ट बदलून भागत नाही. टेन्शनर, आयडलर पुली आणि वॉटर पंप असा संच एकत्रच बदलायचा, कारण वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो आणि जुना पंप गळला तर नवा बेल्टही वाया जातो. फिटरला एकच प्रश्न विचारा: क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना आहेत का? ‘पेंटची खूण करून बसवतो’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज शोधा. एक दात सरकला तरी गाडी चालते, पण ओढत नाही आणि धूर देते. मग महिनाभर इंजेक्टरवर संशय घेण्यात जातो.

कूलंटच्या टाकीचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. कूलंटऐवजी नळाचं पाणी किंवा गंजाचा तांबूस रंग दिसला तर थर्मोस्टॅटची प्लास्टिकची हाऊसिंग आणि पाइप नीट तपासा. सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात ही हाऊसिंग तडकते आणि गळती बहुतेक वेळा मागच्या बाजूला असते, वरून दिसत नाही.

पुरात बुडालेली गाडी

हा भाग सांगलीकरांनी, आणि सांगलीहून गाडी आणणाऱ्या प्रत्येकाने, सावकाश वाचावा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. विमा कंपन्यांनी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही अशा, ठरवलेल्या गाड्या लिलावात जातात, धुतल्या-पुसल्या जातात आणि दुसऱ्या जिल्ह्यात चकचकीत होऊन विकल्या जातात. फोर्डमध्ये इलेक्ट्रॉनिक्स जास्त आहे, त्यामुळे बुडालेली फोर्ड दोन वर्षांनीही त्रास देते.

तपासायचं असं. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. मालक सीट धुतो, डॅशबोर्ड पुसतो, पण बेल्टचा रीळमध्ये गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. तिथे मातीची आडवी रेघ किंवा पिवळट डाग दिसला तर पाणी तिथवर पोचलं होतं. डाव्या बाजूचा ग्लोव्हबॉक्स काढून मागचा फ्यूजबॉक्स बघा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज असेल तर पुढे काहीही बघू नका. सीटखालचे बोल्ट आणि स्प्रिंग गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का, तेही बघा. वासावर मात्र विसंबू नका, अत्तर आणि परफ्यूमने तो झाकता येतो. आणि विम्याचा इतिहास मागा. जुलै-ऑगस्टच्या सुमारास क्लेम असेल आणि नंतर काही महिने पॉलिसीच नसेल तर सरळ विचारा.

मीटर आणि पुसलेले कोड

गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचायला ब्लूटूथचा ईएलएम३२७ अडॅप्टर घ्या आणि फोनवर फोरस्कॅन लाइट हे अॅप टाका. फोरस्कॅन खास फोर्डसाठी बनलेलं आहे. साध्या स्कॅनरला न दिसणारे एबीएस, एअरबॅग आणि बॉडी मॉड्यूलचे कोडही ते वाचतं. ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली ओबीडीचं सॉकेट असतं, अडॅप्टर त्यात लावा. इग्निशन चालू करा आणि सगळ्या मॉड्यूलचे कोड वाचा.

‘कोड नाहीत’ असं आलं तर लगेच समाधान मानू नका. इंजिनाच्या लाइव्ह डेटामध्ये ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ असा एक आकडा असतो. तो जेमतेम पाच-दहा किलोमीटर असेल तर गाडी दाखवायला आणण्याआधीच कोड पुसले आहेत. मग किमान वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पुन्हा वाचा, दडवलेला दोष बहुतेकदा त्यात परत येतो. मीटर मागे केलंय का हे बिलांवरून आणि झिजेवरून ओळखायचं. साठ हजार दाखवणाऱ्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल आणि स्टिअरिंगचं चामडं चकाकत असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

चालवून बघताना

सपाट रस्त्यावर क्लचचं खरं रूप कळत नाही. साताऱ्यात असाल तर यवतेश्वरच्या घाटात न्या, सांगलीत असाल तर पेठनाक्यापर्यंत जाऊन हायवेच्या चढाला लावा. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे आरपीएम वाढले पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. या गाड्यांमध्ये क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, रिलीज बेअरिंगला जोडून असतो. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि हा सिलिंडर तिन्ही एकदमच बदला. सिलिंडर वाचवायला गेलात आणि तो सहा महिन्यांनी गळला तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी जाते. ब्रेकचं ऑइल बाहेरून गळत नसताना कमी होत असेल तर संशय याच सिलिंडरवर घ्या, कारण क्लच आणि ब्रेकची टाकी एकच आहे.

खराब रस्त्यावर पुढून ‘खट खट’ आलं तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. हा खर्च मोठा नाही, त्यासाठी गाडी सोडू नका. ऊस गाळपाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे धडकलेल्या गाड्या आपल्याकडे बऱ्याच असतात, म्हणून बोनेटखालचा आडवा सपोर्ट आणि रेडिएटरच्या वरची पट्टी मूळ रंगाची आहे का, हे मात्र बघा. बहुतेक इकोस्पोर्टना मागच्या दारावर स्टेपनी आहे. दार उघडून हलवून बघा. खाली लटकत असेल तर बिजागऱ्या झिजल्या आहेत किंवा मागून ठोकर बसली आहे.

फिगो आणि क्लासिक (जुनी फिएस्टा सेडान) यांच्या सुमारे १ लाख ६६ हजार गाड्या कंपनीने २०१३ मध्ये पॉवर स्टिअरिंगचा पाइप आणि मागच्या दोन चाकांना जोडणारा ट्विस्ट बीम तपासायला परत बोलावल्या होत्या. चासी नंबर अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन ते काम झालंय का हे विचारून घ्या. भारतात बनलेल्या फोर्डचा चासी नंबर एमएजे या अक्षरांनी सुरू होतो. तो आरसीशी आणि गाडीवर कोरलेल्या नंबरशी जुळवा.

घेतल्यावर काय सांभाळायचं

ऑइलबाबत तडजोड नको. १.४ आणि १.५ डिझेलला ५डब्ल्यू-३०, आणि डब्यावर फोर्डचा डब्ल्यूएसएस-एम२सी९१३ हा स्पेसिफिकेशन छापलेला हवा. इकोबूस्टला ५डब्ल्यू-२० आणि डब्ल्यूएसएस-एम२सी९४८. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं १५डब्ल्यू-४० ‘जाड आहे, चांगलं आहे’ म्हणून कोणी घालत असेल तर त्याला थांबवा. १०,००० किलोमीटर किंवा वर्षभर, जे आधी होईल तेव्हा बदला.

एन्डेव्हर या मोठ्या एसयूव्हीचं ३.२ लिटर डिझेल इंजिन असेल तर आणखी एक खबरदारी. जुनं ऑइल काढलं की दहा मिनिटांच्या आत नवं भरा. ऑइल रात्रभर गळत ठेवलं तर पंपातलं ऑइल खाली उतरतं, पंप हवा ओढतो आणि सुरू करताना इंजिन कोरडं फिरतं. फिल्टर आणि नवं ऑइल हाताशी ठेवल्याशिवाय खालचा नट सोडू द्यायचा नाही. गाडीजवळ उभं राहून करून घ्या.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आहे. राजवाडा ते पोवई नाका एवढंच रोज चालवलं तर तो चोंदतो. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग ६०-७० च्या वेगाने चालवा आणि डीपीएफचा दिवा लागल्यावर गाडी मध्येच बंद करू नका. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर त्यात डिझेल मिसळतंय, तेव्हा मुदतीची वाट न पाहता ऑइल बदला.

स्पेअर मागवताना ‘इकोस्पोर्टचा लोअर आर्म’ एवढं सांगू नका. पूर्ण चासी नंबर द्या किंवा जुन्या भागावर कोरलेला नंबर लिहून घ्या. २०१७ च्या आधीची आणि नंतरची इकोस्पोर्ट बाहेरून सारखी दिसली तरी बरेच भाग वेगळे आहेत, आणि पुण्याहून आलेला चुकीचा भाग परत पाठवण्यात आठवडा जातो.

कागद आणि किल्ल्या

गाडीसोबत दोन्ही किल्ल्या मागून घ्या. फोर्डच्या चोरीरोधक यंत्रणेत दोन चालू किल्ल्या असतील तर तिसरी जोडणं सोपं जातं. एकच असेल तर संगणक लावावा लागतो, आणि तीही हरवली तर काम आणखी महागात पडतं. दुसरी किल्ली ‘घरी आहे, नंतर देतो’ असं कोणी म्हणालं तर ती मिळेपर्यंत थोडी रक्कम मागे ठेवा.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आधी हातात घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ देऊन आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरायचा असतो. आपल्या भागात एमएच-१२ च्या पुणे पासिंगच्या गाड्या भरपूर फिरतात, त्यांचे चलान ऑनलाइन तपासून भरून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का बघा. पंधरा वर्षं पूर्ण झालेली किंवा व्हायला आलेली असेल, म्हणजे सुरुवातीच्या फिगो, तर फिटनेस आणि पर्यावरण कराचा खर्च व्यवहाराच्या दिवशीच किमतीतून कापून घ्या.